क्रमांक ४७

गावाच्या वेशीवर एक तरुणी येते. रुपेरी डोळे, पाठीवर जवळजवळ तिच्याच उंचीची तलवार. माणसाचं सोंग घेऊन माणसांची आतडी खाणाऱ्या योमाला ती उभा चिरते. गावकरी आभार मानत नाहीत, चार पावलं मागे सरतात. पैसे नंतर काळ्या कपड्यातला एक माणूस घेऊन जातो. ते बुडवले, तर पुढच्या खेपेला कुणी फिरकत नाही.

ही नोरिहिरो यागी यांची ‘क्लेमोर’. मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २००१ मध्ये सुरू झाली; मॅडहाऊस या स्टुडिओची २६ भागांची अ‍ॅनिमे, म्हणजे अ‍ॅनिमेशन मालिका, २००७ मध्ये आली.

अनाथ पोरींच्या अंगात योमाचं मांस घालून एक संघटना या योद्ध्या घडवते आणि ताकद पाहून त्यांना क्रमांक लावते. नायिका क्लेअर शेवटची, ४७वी. पण ती स्वतःच्या पायांनी तिथे गेली होती. जिनं तिला सांभाळलं त्या तेरेसाचं कापलेलं डोकं उराशी धरून. हिचंच रक्तमांस माझ्यात घाला, एवढीच तिची मागणी.

तेरेसा क्रमांक १. माणसाला मारलं तर देहदंड, हा नियम. क्लेअरसाठी ती दरोडेखोर कापते, शिक्षेसाठी मान पुढे करते, आणि पोरीकडे पाहून ऐनवेळी बेत बदलते. एवढ्या बलाढ्य बाईनं स्वतःच्या मनानं ठरवलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट.

तिला मारणारी प्रिसिलाही अशीच एक योद्धी, ताकदीनं अफाट, पण ती ताकद तिला पेलवत नाही. योमाशक्ती ऐंशी टक्क्यांपलीकडे गेली की माणूसपण संपतं. माणूस आहे तोवर मला मार, अशी ती गयावया करते आणि तेरेसा जवळ येताच तिचंच मुंडकं उडवते.

अशी वेळ प्रत्येकीवर येऊ शकते. म्हणून तलवारीच्या मुठीत एक काळी चिठ्ठी असते. ताबा सुटतोय असं वाटलं, की जिवाभावाच्या मैत्रिणीला ती धाडायची: ये, मला मार. आपल्याला कुणी मारावं, निवड काय ती एवढीच. एलेनाची चिठ्ठी क्लेअरला येते.

आता शेवट सांगतोय, नको असेल त्यांनी इथेच थांबा. अ‍ॅनिमेत क्लेअर प्रिसिलावर तलवार उगारते, तिचा सोबती राकी अडवतो आणि ती हात आवरते. २०१४ मध्ये संपलेल्या मांगात मात्र तेरेसा क्लेअरच्या देहातून परत येते आणि प्रिसिलाचा निकाल लावते. बऱ्याच चाहत्यांना हाच शेवट खरा वाटतो. मला तो थोडा खटकतो. इतकी वर्षं ४७व्या क्रमांकाची झुंज दाखवलीत, मग शेवटचा घाव पुन्हा पहिल्या क्रमांकाला का दिलात?