दोनच क्वाड, आणि बाकी सगळं स्केटिंग

नमस्कार मंडळी! आज बोलायचंय चा जुन-ह्वान या कोरियन फिगर स्केटरबद्दल. कोरियात आडनाव आधी लावतात, म्हणजे चा हे आडनाव. जन्म सोलचा, २१ ऑक्टोबर २००१. लहानपणी हा पोरगा टीव्हीच्या जाहिरातींत असायचा, तिकडे लोकांना तो आधी चोकोपायच्या जाहिरातीतला मुलगा म्हणूनच माहीत होता.

आता तेव्हाचं कोरियातलं चित्र डोळ्यासमोर आणा. २०१० ला व्हँकुव्हरमध्ये किम यूनाने ऑलिंपिक गोल्ड मारलं, २२८.५६ गुण, त्यावेळचा वर्ल्ड रेकॉर्ड, आणि मग कोरियात मुलींची रांगच लागली स्केटिंगला. पण मुलांचं काय? मुलं फारच कमी. ऑलिंपिकमध्ये तोपर्यंत कोरियन पुरुषाचा सगळ्यात वरचा नंबर कितवा, तर १७वा, तोही १९९४ चा. म्हणजे ज्याच्याकडे बघून शिकावं असा आपल्या देशातला पुरुष स्केटरच समोर नाही. तर हा मुलगा गेला कॅनडात टोरंटोला, ब्रायन ऑर्सर यांच्याकडे, यूनाला गोल्डपर्यंत नेणारे तेच कोच. तिथे जपानचा हान्यू आणि स्पेनचा हाविएर फर्नांडेझ त्याच बर्फावर प्रॅक्टिस करायचे, आणि हे १४-१५ वर्षांचं पोर त्यांच्यात.

२०१६ ला योकोहामाच्या ज्युनिअर ग्रां प्रीमध्ये (कुमारांची आंतरराष्ट्रीय स्पर्धामालिका) त्याने २३९.४७ गुण काढले, ज्युनिअर गटातला तेव्हाचा विक्रम. पुढे ड्रेस्डेनला पण गोल्ड, आणि फायनलला मार्सेमध्ये ब्राँझ. सगळ्यांना वाटलं झालं, आता हा सुसाट सुटणार.

नाही सुटला. पुढच्याच सीझनला दुखापती, बुटांचा त्रास, आणि समोर प्याँगचांग ऑलिंपिक, स्वतःच्या देशात! जागा फक्त एक. निवड तीन स्पर्धांची बेरीज करून होणार होती आणि दोन स्पर्धा झाल्या तेव्हा हा ली जुन-ह्योंगच्या तब्बल २७ गुणांनी मागे होता. २७ गुण एका स्पर्धेत भरून काढायचे म्हणजे बहुतेकांनी आशाच सोडली असती. याने काय केलं, नवा प्रोग्राम बाजूला ठेवला, आधीच्या सीझनचा अंगात मुरलेला प्रोग्राम परत काढला, आणि अवघड उड्या वाढवायच्या सोडून कमी केल्या, एकच क्वाड (चार गिरक्यांची उडी) ठेवला. जानेवारी २०१८ ला तो स्वच्छ खेळला आणि एकूण बेरजेत जेमतेम २ गुणांनी पुढे गेला. प्याँगचांगला १६ वर्षांचा, पुरुषांत सगळ्यात लहान, आणि १५वा आला. मला विचाराल तर त्याच्या पुढच्या सगळ्या करिअरची चावी या जानेवारीत आहे. कमी करा पण नीट करा.

क्वाड म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय मजा कळत नाही. हवेत चार पूर्ण गिरक्या, वेळ एक सेकंदाच्याही आत, आणि उतरायचं एका पायावर, मागे सरकत, ब्लेडच्या बाहेरच्या कडेवर. ते ब्लेड जेमतेम ४ मिलिमीटर जाड, पण खालून मधे खोलगट घासलेलं असतं, त्यामुळे त्याला आतली आणि बाहेरची अशा दोन कडा येतात, आणि सगळा खेळ या दोन कडांचा आहे. टो लूप या उडीला दुसऱ्या पायाच्या ब्लेडचे पुढचे दात बर्फात रोवून उडतात, सॅल्को या उडीला दात नाहीच, आतल्या कडेवरून वळता वळता मोकळा पाय फिरवून वर जायचं. चा जुन-ह्वानकडे या दोनच क्वाड पक्क्या. बाकीचे टॉपचे लोक एका प्रोग्राममध्ये चार-चार, पाच-पाच घालतात. त्यानेही २०१९-२० ला क्वाड फ्लिप हा तिसरा प्रकार घालून बघितला, पण तो सीझन वाईट गेला, ग्रां प्रीच्या दोन स्पर्धांत ८वा आणि ६वा.

मग जानेवारी २०२२ ला टॅलिनमध्ये फोर कॉन्टिनेंट्सचं गोल्ड. (ही स्पर्धा युरोप सोडून बाकी खंडांची, पण कोविडमुळे भरली एस्टोनियात, युरोपातच!) कोरियन पुरुषाचं हे पहिलं. आणि लगेच फेब्रुवारीत बीजिंग. शॉर्ट प्रोग्रामला, म्हणजे पहिल्या छोट्या फेरीत, चौथा. फ्री स्केटला, म्हणजे दुसऱ्या मोठ्या फेरीत, तुरांदोत या ऑपेराचं संगीत सुरू झालं, पहिलीच उडी क्वाड टो लूप, आणि धाडकन आपटला. पुढे जवळजवळ चार मिनिटं बाकी, अख्खं जग बघतंय, आणि पुढची उडी परत क्वाडच! उठला, वेग धरला, सॅल्को घेतला आणि काय सुंदर उतरला हो. एकूण २८२.३८, पाचवा नंबर. पदक नाही पण माझ्यासाठी ती चार मिनिटं कुठल्याही पदकाच्या बरोबरीची आहेत, कारण पडल्यावर घाईघाईत गुण वसूल करायची धडपड त्यात कुठेच दिसत नाही, प्रत्येक पाऊल संगीताला धरून.

आणि मग २०२३, सायतामा, वर्ल्ड चॅम्पियनशिप. जपानमधलं भरलेलं स्टेडियम, समोर घरच्या मैदानावर शोमा उनो आणि शिवाय अमेरिकेचा इलिया मालिनिन, ज्याने त्या फ्रीमध्ये क्वाड अ‍ॅक्सल मारला, साडेचार गिरक्या! या सगळ्यांत आपला चा दोनच क्वाड घेऊन उतरला, बाँडपटातलं संगीत, आणि एकही मोठी चूक नाही. फ्रीला १९६.३९, एकूण २९६.०३, सिल्व्हर. मालिनिन त्याच्या मागे, तिसरा. कोरियन पुरुषाचं पहिलं वर्ल्ड मेडल. लोक म्हणतात आजचं स्केटिंग म्हणजे नुसत्या उड्यांची बेरीज झालीय, त्यांना मी हा निकाल दाखवते.

पुढचा सीझन परत घोट्याच्या दुखापतीत गेला. आणि फेब्रुवारी २०२५ ला हार्बिन, एशियन विंटर गेम्स. शॉर्टनंतर जपानचा युमा कागियामा १०३.८१ आणि हा ९४.०९, म्हणजे जवळजवळ १० गुणांची पिछाडी. फ्रीमध्ये कागियामाकडून चुका झाल्या आणि हा १८७.६० काढून एकूण २८१.६९ वर गोल्ड घेऊन गेला. त्याच दिवशी मुलींत किम चे-यॉनने जपानच्या काओरी साकामोटोला मागे टाकून गोल्ड घेतलं, कोरियात काय दिवाळी झाली असेल! शिवाय या गोल्डला तिकडे वेगळंच वजन आहे. कोरियात मुलांना सक्तीची लष्करी सेवा असते, भूदलात १८ महिने, आणि एशियन गेम्सचं गोल्ड किंवा ऑलिंपिकचं कुठलंही पदक मिळालं तर त्यातून सवलत. ऐन विशीत दीड वर्ष बर्फापासून लांब राहिलं तर क्वाड टिकवणं किती कठीण, तुम्हीच विचार करा.

त्याचं स्केटिंग कधी बघितलं नसेल तर सायतामाच्या फ्रीपासून सुरुवात करा. आणि उड्या मोजू नका. दोन्ही ब्लेड बर्फावर, पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ, आणि कंबरेतून मागे इतका झुकतो की छाती छताकडे होते, त्याला इना बाउअर म्हणतात. हा जेव्हा ती करतो तेव्हा वेग जराही कमी होत नाही, उलट वाढल्यासारखा वाटतो. ते बघा आधी.