स्त्राक्किनो : दमलेल्या गायींचं चीज

बशीतलं हे चीज पाहा. वडी चौकोनी पाडलेली आहे, पण कडा काही टिकत नाहीत. खोलीच्या उबेत थोडा वेळ राहिली की ओघळायला लागते. वर साल नाही, उग्र वास नाही. ताज्या सायीला किंचित आंबूसपणा यावा तशी चव. उत्तर इटलीतल्या लोंबार्दीत याला म्हणतात स्त्राक्किनो. तिथल्या बोलीत 'स्त्राक' म्हणजे दमलेला.

दमलेलं कोण? गायी.

बेर्गामो शहराच्या उत्तरेला आल्प्सच्या रांगा आहेत. त्यांत तालेज्जो, ब्रेंबाना अशी खोरी. इथल्या गुराख्यांना बेर्गामिनी म्हणत. उन्हाळाभर ते गायी घेऊन वरच्या कुरणांवर राहायचे. सप्टेंबर सरत आला, थंडीची चाहूल लागली, की बायकापोरं, भांडीकुंडी असं सगळं बिऱ्हाड घेऊन खाली पो नदीच्या मैदानाकडे निघायचे.

ओढ गवताची होती. मिलानच्या आसपास 'मार्चिते' नावाची कुरणं असत. जमिनीतून उमाळणाऱ्या झऱ्यांचं पाणी भर हिवाळ्यातही गोठत नाही. उतरत्या शेतावरून ते पातळ थरानं सतत वाहतं ठेवलं, की थंडीतही हिरवा चारा हाती येतो. 1135 मध्ये स्थापन झालेल्या कियारावाल्ले मठाच्या साधूंचं नाव या पद्धतीशी आजही जोडलं जातं. गुराखी शेतकऱ्याकडून वैरण घ्यायचे, आणि शेणखत शेतकऱ्याच्या रानाला मिळायचं.

पण स्त्राक्किनोची गोष्ट घडते ती वाटेत.

गाय दिवसभर चालली, तरी संध्याकाळी तिची धार काढावीच लागते. कास तटतटलेली असते, तिला तसं ठेवता येत नाही. दूध मात्र कमी. चालून दमलेली जनावरं, त्यातल्या कित्येक गाभण, आटत आलेल्या. ज्यांच्या दावणीला गाय आहे त्यांना सांगायला नको, आटत आलेल्या गायीचं दूध थोडं, पण दाट असतं. महिनोन्महिने मुरवायचं मोठं चीज करायला मुक्कामावर ना वेळ होता, ना तळघर.

मग ते दूध तापवायचेसुद्धा नाहीत. धारोष्ण दूध गायीच्या अंगाच्या उबेचं असतं, तेवढी ऊब पुरते. त्यातच दूध थिजवणारं रेनेट घालायचं. हे रेनेट परंपरेनं वासराच्या जठरातून काढलेलं असतं, म्हणून शाकाहारी मंडळींनी चीज घेताना वेष्टन वाचून घ्यावं. थोड्या वेळानं भांडं हलवलं, की दूध खरवसासारखं थरथरतं. मग सुरी फिरते. कठीण चीजसाठी हा खरवस दाण्याएवढा बारीक करतात. इथे तुकडे मोठेच ठेवायचे. मोठ्या तुकड्यात पाणी जास्त राहतं, आणि बशीत पाहिलेला तो मऊपणा येतो इथूनच. तुकडे चौकोनी साच्यात भरायचे, हिरवट पाणी निथळू द्यायचं, उलटायचं, मीठ लावायचं. झालं.

या वाटेवरची भावंडंही नामांकित आहेत. मिलानजवळच्या गोर्गोन्झोला गावावरून ओळखलं जाणारं निळ्या रेषांचं चीज पूर्वी 'गोर्गोन्झोलाचं स्त्राक्किनो' म्हणूनच विकलं जाई.

सगळ्यांत मऊ, सगळ्यांत ताजं ते क्रेशेन्झा. ते खावं लिगुरियाच्या किनाऱ्यावर, रेक्को गावात. यीस्ट न घातलेल्या पिठाची पारी इतकी पातळ ओढतात की पलीकडचा हात दिसावा. तिच्यावर चीजचे गोळे टाकायचे, वरून दुसरी पारी, तिला बोटांनी चार-दोन भोकं, आणि कडक तापलेली भट्टी. भोकांतून चीज उकळत वर येतं, जागोजागी करपतं. तो करपलेला भाग आधी उचलावा. या रेक्कोच्या फोकाच्चाला 2015 मध्ये युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं.

आज दुकानात मिळणारं स्त्राक्किनो बहुतेक कारखान्यातलं, पाश्चराइज केलेल्या दुधाचं, बारमाही. ते चवीला चांगलंच असतं, पण त्या गायी कुठे चाललेल्या नसतात. 2019 मध्ये युनेस्कोनं गुरं घेऊन ऋतूनुसार फिरण्याची परंपरा मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून नोंदवली. मनाला बरं वाटलं, पण तोवर बेर्गामिनींचे ते तांडे इतिहासजमा झाले होते.

तरी बेर्गामोच्या खोऱ्यांत काही घरं अजून जुन्या रीतीनं स्त्राक्किनो करतात, कच्च्या दुधाचं, धार काढल्याबरोबर. दूध निवता कामा नये, म्हणून सकाळचं दूध संध्याकाळच्या दुधात मिसळत नाहीत. पहाटे एकदा चीज लागतं. संध्याकाळी गायी गोठ्यात आल्या, की पुन्हा एकदा.