सरकत्या बर्फावरची छावणी

ग्रीनलँडच्या पोटात, सुमारे २,७०० मीटर उंचीवर एक काळा लाकडी घुमट उभा आहे. आसपास गाव नाही, झाड नाही, साधा दगडही नाही. पायाखाली अडीच किलोमीटरहून जाड बर्फ. ही ईस्टग्रिप छावणी. कोपनहेगन विद्यापीठाच्या डॉर्टे डाल-येन्सन यांच्या पुढाकारानं अनेक देशांचे शास्त्रज्ञ इथं बर्फात तळापर्यंत छिद्र पाडायला जमले.

घुमट मूळचा इथला नव्हे. नीम नावाच्या जुन्या छावणीतून २०१५ साली, खाली स्की लावून, तो सुमारे साडेचारशे किलोमीटर ओढत आणला. आणि इथं पोचूनही त्याचा प्रवास चालूच राहिला. ही जागा म्हणजे बर्फाची नदी. ती वर्षाला पन्नासहून जास्त मीटर समुद्राकडे सरकते, आणि स्वयंपाकघर, तंबू, धावपट्टी, छिद्र, सगळं तिच्यासोबत सरकतं. अशा नद्या समुद्रात किती बर्फ ओततात, यावर समुद्राची पातळी आणि किनाऱ्यांचं भवितव्य ठरणार आहे. म्हणून तर ही जागा निवडली.

छावणी फक्त उन्हाळ्यात जागी असते, साधारण मे ते ऑगस्ट. हिवाळ्यात इथं कुणी राहत नाही. वारा हिम आणून टाकत राहतो. त्यामुळे दर हंगामाचं पहिलं काम एकच: फावडी घ्यायची आणि उकरायचं. दारं, पिंपं, वाहनं, सगळं.

माणसं आणि सामान पश्चिम ग्रीनलँडमधल्या कांगरलुसुआकहून येतं, स्की लावलेल्या हर्क्युलिस या मालवाहू विमानातून. ही विमानं अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातल्या एअर नॅशनल गार्ड या राखीव हवाई दलाची. त्यांच्यासाठी हिम दाबून, सपाट करून धावपट्टी राखावी लागते. सामान उतरतं तेव्हाही इंजिनं बंद करत नाहीत. खरी परीक्षा परतताना. हवा विरळ, आणि ऊन चढलं की हिम स्कीला चिकटतं. मग विमान धावतं, पण उठत नाही. वळून पुन्हा धावायचं, नाहीतर वजन उतरवायचं. इथं प्रत्येक किलोचा हिशेब असतो, तो यामुळे.

पाणी? स्वच्छ हिम फावड्यानं वितळयंत्रात टाकायचं. त्यासाठी इंधन जळतं, आणि इंधनही विमानातूनच येतं. त्यामुळे अंघोळ जपूनच. शनिवारी मात्र लोक टाय लावून जेवायला बसतात. महिनोन्‌महिने त्याच पांढऱ्या उजेडात राहणाऱ्यांना आठवड्याला एक वेगळा दिवस हवाच; तो जेवणाइतकाच गरजेचा.

छिद्र पाडायचं काम चाललं हिमाखाली. आधी खंदक खणतात, त्यात लांबलचक फुगा फुगवतात, वरून हिम टाकतात. हिम घट्ट झालं की हवा सोडून फुगा बाहेर काढायचा. मागे उरते कमानदार छताची खोली. लोखंड नाही, लाकूड नाही. याच खोल्यांत ड्रिल चाललं, आणि वर आलेला बर्फाचा दांडा पंचावन्न सेंटिमीटरच्या तुकड्यांत कापला. या कामासाठी थंडीच हवी, म्हणून इथं शेगडी पेटवत नाहीत.

कोविडमुळे दोन उन्हाळे ड्रिल बंद राहिलं. तरी जुलै २०२३मध्ये ते २,६०० मीटरहून खाली, चिखल-दगडांच्या तळापर्यंत पोचलं. तळाजवळचा बर्फ एक लाख वर्षांहून जुना. पेट्यांत भरून तो विमानानं गेला, मालकक्ष थंड ठेवून, आणि पुढे कोपनहेगनच्या शीतगृहात.