एक पट्टा, दोन चाकं

[तळघराचा जिना. पावलांचा आवाज. दिवा लागतो.]

एडिसन, न्यू जर्सी. फेब्रुवारीतला शनिवार. वर अंगणात गुडघाभर बर्फ आहे आणि खाली तळघरात काकांचा चहा दुसऱ्यांदा गार झालाय.

समोर उभा आहे तो कपडे वाळवायचा ड्रायर. रंग बदामी. ऐंशीच्या दशकात हा रंग फार चालायचा. काका-काकूंनी हे घर घेतलं १९८६ साली, त्याच महिन्यात हाही आला. म्हणजे माझ्या चुलतभावापेक्षा दोन वर्षांनी मोठा, आणि त्याच्यापेक्षा जास्त काळ घरात टिकलेला.

मंगळवारी यात चादरी टाकल्या. मोटर सुरू झाली, पण ड्रम जागचा हलला नाही. दुरुस्तीवाल्यानं फोनवर मॉडेलचं वय विचारलं आणि दुसऱ्याच वाक्याला म्हणाला, "नवा घ्या." तो फोन आमच्याकडे चित्रित नाही. बघण्यासारखं आहे ते इथून पुढे.

[जाड प्लग भिंतीतून निघतो. काकांचा हात.]

आधी प्लग. मुठीएवढा, तीन पात्यांचा, २४० व्होल्टचा. अमेरिकेतल्या घरात बाकी बहुतेक वस्तू १२० व्होल्टवर चालतात. ड्रायरला मात्र १२०च्या दोन तारा लागतात. मोटर त्यातल्या एकीवर फिरते, तापायची कॉइल दोन्हींवर. म्हणून एका बाजूचा खटका पडला, तर ड्रम मजेत फिरत राहतो आणि कपडे ओलेच्या ओले.

"लोक इथेच घाबरून नवीन मशीन आणतात," काका म्हणतात. "बोर्डावरचा खटका एकदा खाली-वर करायचा असतो फक्त."

[पातळ पट्टी झाकणाच्या फटीत शिरते. टक्.]

कापूस अडवणाऱ्या जाळीच्या खाचेतले दोन स्क्रू निघाले. आता बाहेरून एकही स्क्रू दिसत नाही, तरी झाकण हलत नाही. रंगारी लांबी भरायला वापरतात ती पट्टी पुढच्या कोपऱ्यापासून दोनेक इंचांवर फटीत सारायची आणि दाबायची. टक्. दुसऱ्या कोपऱ्यात पुन्हा टक्. मोटारीचं बॉनेट उघडावं तसं अख्खं झाकण वर येतं.

आणि आत, पत्र्याला टेकवून ठेवलेला, घडी घातलेला हा कागद. कडा पिवळ्या पडल्यात. कुठली तार कुठून कुठे जाते, कुठल्या भागाचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, किती असावा, सगळं छापलेलं. मशीनची कुंडलीच म्हणा. हा कागद कारखान्यातून निघतानाच आत ठेवलेला आहे. ज्यानं ठेवला त्यानं हे झाकण कधीतरी उघडलं जाणार, हे धरूनच ठेवला.

[कागदावरून कॅमेरा सावकाश फिरतो. निवेदन नाही.]

पुढचं दार. याला काच नाही. १९३८ साली विस्कॉन्सिनमधल्या टू रिव्हर्स गावात हॅमिल्टन कंपनीनं 'जून डे' नावाचा ड्रायर बाजारात आणला. ब्रूक्स स्टीव्हन्स या डिझायनरनं त्याच्या दाराला काच बसवायला लावली. नुसता पांढरा पेटारा बघून हे काय आहे ते गिऱ्हाइकाला कळणार कसं? दुकानात काचेआड रंगीबेरंगी चड्ड्या गरगरताना दिसल्या, की काही समजावून सांगायला नको. आमच्या मॉडेलला काच नसल्यामुळे आम्हाला मात्र पुढचा पत्राच उतरवून चित्रण करावं लागलं.

दाराच्या खटक्याच्या तारा सोडवल्या. आतून दोन स्क्रू. पत्रा हातात आला आणि ड्रम एका बाजूला कलला.

[पत्रा बाजूला. राखाडी रंगाचा थर. जवळून.]

हा थर म्हणजे लिंट. कपड्यांचा झडलेला कापूस. जाळीतून निसटतो आणि पोटात साठत जातो. बोटानं उचलला तर नमद्यासारखा सलग निघतो. त्यात काय काय आहे बघा: शर्टाची तीन बटणं, केसांची एक पिन, दोन सेंट, आणि हे चार आण्यांचं नाणं. भारतात २०११ पासून चार आणे चलनात नाहीत. इथे ते कुणाच्या खिशातून, कुठल्या खेपेला आलं, कोण जाणे. काकांनी ते स्क्रूंच्या डबीत टाकलं.

हाच कापूस पेट घेतो. २००८ ते २०१० या काळात अमेरिकेत घरगुती ड्रायरमुळे वर्षाला सरासरी २,९०० आगी लागल्या, आणि सफाई न करणं हे त्यांचं सर्वांत मोठं कारण होतं. पुढे.

[तुटका पट्टा दोन्ही हातांत ताणलेला.]

हा दोषी. साडेसात फुटांपेक्षा थोडा लांब, जेमतेम पाव इंच रुंद रबरी पट्टा. संपूर्ण ड्रमला वळसा घालून खाली मोटरच्या छोट्या पुलीवर येतो. मोटर मिनिटाला सतराशेच्या वर फेरे घेते, पण पुली एवढीशी आणि ड्रम एवढा मोठा, म्हणून ड्रम पन्नासेकच घेतो. दातेरी चाकं नाहीत, गिअर नाहीत. आजोबांच्या काळातल्या पिठाच्या गिरणीतही हेच चालायचं.

पण पट्टा तुटला की नुसता पट्टा बदलून मोकळं व्हायचं नाही. तो का तुटला? ड्रम बाहेर काढल्यावर मागच्या भिंतीवर दोन रबरी चाकं दिसतात, घड्याळात चार आणि आठ असतात त्या जागी. ड्रमचं मागचं सगळं ओझं यांच्यावर. डावं चाक बघा, एका बाजूनं चपटं झालंय. गेले सहा महिने काकू ज्याला "तळघरात कोणीतरी चालतंय" म्हणत होत्या, ते हे.

[तिकोनी क्लिप उडते. "अरे, अरे..." हसण्याचा आवाज.]

ही तिकोनी क्लिप, चाक दांड्यावर धरून ठेवणारी. शोधायला वीस मिनिटं गेली, ती आम्ही कापली आहेत.

जुनं चाक निघालं. दांडा कापडानं पुसून लख्ख केला. चुलतभावानं फोनवरून तेलाची पिचकारी मारायला सांगितली, ती काकांनी मनावर घेतली नाही. तेलाला कापूस चिकटतो आणि महिन्याभरात त्याचा चिखल होतो. नवं चाक बसवलं, क्लिप दाबली, बोटानं फिरवलं. आवाज नाही.

आता पट्टा. ड्रमवर एक काळसर रेघ दिसते, जुना पट्टा इतकी वर्षं जिथून धावला त्याची. नवा त्याच रेघेवर ठेवायचा, खाचांची बाजू ड्रमकडे. मग पोटावर आडवं पडून, एक हात ड्रमखाली घालून, न बघता पुढचं काम. पट्टा ताणून धरणारी एक छोटी पुली असते. ती कुठेच स्क्रूनं बसवलेली नसते. तळाच्या खाचेत नुसती उभी राहते आणि पट्ट्याच्या ताणावरच तोल सांभाळते. पट्टा सुटला की आडवी पडते.

[फक्त काकांचा चेहरा. डोळे मिटलेले.]

काका ती बोटांनी शोधतायत. मिळाली. पट्टा तिच्याखालून, मग मोटरच्या पुलीवरून. ड्रम हातानं दोन फेरे. पट्टा रेघेवर येऊन बसला.

तोवर मीटर लावून कॉइलचा रोध तपासला: १०.८ ओहम. कागदावरच्या आकड्यात बसतो. ब्लोअरच्या, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या, घरावर बोटाच्या पेराएवढा एक फ्यूज आहे, जास्त तापला की कायमचा तुटणारा. तो शाबूत आहे. तुटला असता तर बदलायचा. तारेनं जोडून काम भागवायचं नाही, कधीच नाही.

[नळ. जाळी आडवी धरलेली. पाणी जाळीवर साचून राहतं.]

हे दृश्य मला सगळ्यांत आवडलं. जाळी दिसायला स्वच्छ आहे, काकू दर खेपेला पुसतात. पण नळाखाली धरली तर पाणी खाली पडतच नाही, ताटात साचावं तसं साचतं. कपड्यांना वास यावा म्हणून आत टाकतात त्या सुगंधी कागदांचा मेणचट थर आहे हा. पाणी जात नाही, तर हवा कशी जाणार? जुना दातांचा ब्रश, भांडी घासायचा साबण, दोन मिनिटं.

[पाणी धारेनं जाळीतून पडतं.]

भिंतीबाहेर जाणारी चार इंची नळीही साफ झाली. तेव्हा कॅमेरा चार्जिंगला होता.

काका मूळचे चिपळूणचे. पावसाळ्यात कपडे चुलीवरच्या वलणीवर टाकलेले, शाळेच्या सदऱ्याला धुराचा वास. "धूर लागायचा, पण मशीन बिघडायचं नाही," ते म्हणतात. इथे उन्हाळ्यात लख्ख ऊन पडतं, तरी कित्येक वसाहतींत अंगणात दोरी बांधायला मनाई असते. वाळत घातलेले कपडे शेजाऱ्यांना दिसलेले चालत नाहीत.

[डायल. काकांची बोटं ती फिरवतात. कर्रर्र.]

आता या डायलकडे बघा. हिच्यावर 'ऑटो' असं लिहिलंय. आत चिप नाही, ओलावा मोजणारं काही नाही. मग कपडे वाळले हे हिला कळतं कसं? कपडे ओले असतात तोवर हवा फारशी तापत नाही, कॉइल चालू राहते, आणि तोवर डायलची चिमुकली मोटर बंद. कपडे वाळत आले की हवा तापते, थर्मोस्टॅट, म्हणजे उष्णतेवर चालणारा खटका, कॉइल बंद करतो आणि मगच डायल पुढे सरकते. हवा निवली की कॉइल पुन्हा चालू, डायल पुन्हा थांबलेली. कपडे जितके ओले तितका घड्याळाला खोळंबा. एका तारेच्या जोडणीत बसवलेली ही अक्कल बिघडली तर स्क्रूड्रायव्हरनं उघडता येते.

कॅलिफोर्निया आणि मिनेसोटात १ जुलै २०२४ पासून कंपन्यांना घरगुती उपकरणांचेही सुटे भाग आणि माहितीपत्रकं द्यावी लागतात. १९८६ साली ते माहितीपत्रक आतच मिळायचं. उष्णता-पंपाचे नवे ड्रायर वीज बरीच कमी खातात, हेही खरं.

झाकण खाली. टक्, टक्. प्लग भिंतीत.

[बटण. ड्रम फिरतो. लांब शॉट, नैसर्गिक आवाज.]

मंगळवारच्याच चादरी. तेव्हा त्या बेडरूममध्ये खुर्च्यांवर वाळवल्या होत्या. आज काकूंनी मुद्दाम पुन्हा धुतल्या.

[बझर.]

काकू जिन्यावरून: "झालं का? मग आधी चादरी घडी करा, चुरगळतील. आणि अहो, तो चहा तिसऱ्यांदा गरम करणार नाही मी."