अव्वांची बोटं

(पहाट. ओट्यावर अंधार. आधी कात्रीचा आवाज, चित्र नंतर.)

हा आवाज कात्रीचा आहे. सोलापूरजवळच्या कुंभारीत, गोदूताई परुळेकर वसाहतीत, म्हणजे विडी वळणाऱ्या बायकांच्या वसाहतीत पहाटे साडेपाचला गल्लीतून चालत गेलात, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत हाच ऐकू येतो. मध्येच कुणाचा खोकला, कुठे कुकरची शिट्टी, की पुन्हा कात्री.

अव्वांनी, म्हणजे या घरातल्या आजींनी, पान रात्रीच भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलं होतं. तेंदूचं पान. तेंदू म्हणजे आपली टेंभुर्णी. त्याच नावाचं गाव पुण्याच्या रस्त्यावर लागतं, पण पान तिथून येत नाही. ते येतं विदर्भातून, छत्तीसगड, तेलंगणाच्या जंगलांतून, उन्हाळ्यात तोडून, वाळवून, पुडे बांधून. कोरडं पान वळलं की तुटतं आणि फार ओलं राहिलं की काळं पडतं. किती भिजलं हे अव्वा बघत नाहीत, दोन बोटांत धरून सोडतात. तेवढ्यानं कळतं.

(हातांचं जवळचं चित्र. हे लांबवायचं आहे, कापू नये.)

आता हात बघा. पानावर पत्र्याचा फर्मा ठेवला, कडेनं कात्री फिरली, चौकोनी तुकडा बाजूला. देठाकडची जाड शीर वाया. मांडीवर सूप, सुपात तंबाखूची भुकटी. डाव्या हातात पानाचा तुकडा, उजव्या हाताची चिमूट. ही चिमूट मोजलेली नाही, पण एका विडीची दुसरीला चुकत नाही. मग वळण. एक टोक बारीक, दुसरं रुंद. रुंद टोक नखानं आत दुमडायचं, बारीक टोकाला दोऱ्याचे दोन वेढे, दोरा तोडला. विडी झाली.

आमच्या कॅमेरामननं हे वीस मिनिटं एकाच जागेवरून घेतलं. शेवटी अव्वा वैतागल्या. ‘किती बघलालास रे? काय हाय ह्यात बघण्यासारखं?’

पंचवीस विड्यांचा एक कट्टा. चाळीस कट्टे म्हणजे हजार. या घरातला हिशेब अजून हजाराचाच आहे, कारण मजुरी हजारावर ठरते. अव्वांचं वय एकाहत्तर. विडी वळायला बसल्या तेव्हा परकर-पोलक्यात होत्या. सोलापूरच्या पूर्वभागात तेव्हा मुलगी बघायला आलेले लोक स्वयंपाकाआधी विचारायचे, विडी येते का? दिवसाला हजार, वर्षाचे तीनशे दिवस, आणि पन्नासच वर्षं धरली तरी दीड कोटी विड्या होतात. अव्वांना हा आकडा सांगितला तेव्हा त्या हसल्या आणि हातातली विडी दोऱ्यानं बांधली.

(जुनी गिरणी, चिमणी. संध्याकाळचा प्रकाश.)

ही चिमणी सोलापूरकरांना ओळख करून द्यायला नको. १८७७ साली इथं पहिली कापडगिरणी निघाली आणि पुढे शहर भोंग्यावर उठायला लागलं. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, साखर पेठ, अशोक चौक, दत्त नगर भरत गेलं. पुरुष गिरणीत, नाहीतर मागावर. बायका घरी, सुपासमोर. अव्वांचे यजमान गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि नवरे घरी बसले, सूप मात्र मांडीवरून उतरलं नाही. सोलापूरची गोष्ट सांगणारे चादरीपाशी थांबतात. २००५ साली चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलंच झालं. पण चादर विणणाऱ्याच्या घरी त्या दिवशी पीठ कुणाच्या पैशांनी आलं, हे कुणी फारसं विचारत नाही.

(ड्रोन. घरांच्या रांगा.)

वरून ही वसाहत अशी दिसते. दहा हजार घरं, सगळी विडी कामगार बायकांची. २००६ साली त्यांचा ताबा मिळाला. त्यामागे मोर्चे किती, दिल्लीच्या खेपा किती, ते माजी आमदार नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तर, आणि लाल झेंडा धरून चाललेल्या या बायकाच सांगू जाणे. पलीकडे नवी घरं दिसतात ते रे नगर. त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. अव्वांचं घर जुन्या वसाहतीतलं. त्याआधी साखर पेठेत दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत सात माणसं आणि पानाचे पुडे. इथं आल्यावर पहिल्या रात्री झोप लागली नाही म्हणतात. भिंतीपलीकडचं कुणी घोरत नव्हतं.

विडी कारखान्याच्या ब्रँचवर माल जमा करायला सून जाते. तिथं आत कॅमेऱ्याला परवानगी मिळाली नाही, त्यामुळे तुम्हाला दिसतोय तो फक्त दरवाजा आणि बाहेरची रांग. आत चेकर कट्टे तपासतो आणि पसंत नसलेल्या विड्या बाजूला काढतो. त्यांचे पैसे नाहीत. पान कमी पडलं तर पदरचं विकत आणून घालायचं. १९६६ चा विडी कामगारांचा कायदा घरी बसून वळणाऱ्या बाईलाही कामगार मानतो. रांगेतल्या बायकांना तो कायदा माहीत आहे.

खोकला, कंबर, गुडघे हे इथं घरोघरी आहे. ओढणाऱ्याच्या छातीचं काय होतं ते पुड्यावर चित्रासकट छापलेलं असतं.

(नात दप्तर भरते आहे. मागे अव्वा.)

ही नात. बारावीला आहे, नर्सिंगला जायचंय. तिला विडी वळता येत नाही आणि घरात याचा थोडा मिरवल्यासारखा उल्लेख होतो. लहानपणी तिनं एकदा फर्मा हातात घेतला होता, अव्वांनी हातावर चापटी मारली. ‘घे ना, पुस्तक घे,’ एवढंच म्हणाल्या. फीचं काय, हे विचारलं की अव्वा भाकरीकडे बघतात.

पेन्शन आहे. हजार रुपये. किमान पेन्शन इतकी असावी असं सरकारनं २०१४ मध्ये ठरवलं, ती तेवढीच राहिली. म्हणून अव्वा अजून वळतात. विडी कामगाराचं कार्ड सुनेच्या नावावर आहे, कट्टे दोघींचे. स्वतःचे रोज चोवीस.

आणि या हजारासाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला लागतो.

(सेवा केंद्र. अंगठ्याचं यंत्र.)

हे आम्ही ठरवून घेतलेलं नाही. त्या दिवशी अव्वांबरोबर गेलो आणि समोर जे झालं ते घेतलं. उजवा अंगठा लागला नाही. डावा लागला नाही. केंद्रातल्या मुलानं फडक्यानं काच पुसली, मग अव्वांचा अंगठा पुसला, मग सगळी बोटं एकेक करून लावून झाली. साठ वर्षं ओलं पान, दोरा आणि तंबाखू घासून या बोटांवरच्या रेषा गेल्या आहेत. रेशनच्या दुकानातही हेच होतं, तिथं नातीचा अंगठा चालतो. इथं चालत नाही.

शेवटी मुलानं मोबाइल काढला. चेहऱ्यावरून होतं म्हणाला.

‘आजी, इकडं बघा. आता डोळे मिचकवा.’

अव्वांनी दोन्ही डोळे घट्ट मिटले आणि मिटूनच बसल्या.

‘अव्वा, उघड, उघड,’ नात म्हणाली.

तिसऱ्या वेळी पडद्यावर हिरवी खूण आली. अव्वांना ती दिसली नाही. त्यांनी मुलाला विचारलं, ‘हाय का मी?’

‘आहात, आजी.’

घरी यायला साडेबारा झाले. भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन अव्वांनी सूप ओढलं. पान तोवर कडेनं सुकलं होतं, पुन्हा पाण्याचा हबका मारून घ्यावा लागला. संध्याकाळी कट्टे मोजले. चौदा भरले.