‘नको’ची नोंद

नमस्कार, श्रोतेहो.

फोन वाजतो. अनोळखी नंबर असतो. पलीकडचा आवाज घाईघाईने तुमचं नाव घेतो आणि कर्ज, विमा, क्रेडिट कार्ड, नाहीतर एखादी सवलतीची योजना सांगू लागतो. तुम्ही कामात असता. पण समोरच्याला तोडून बोलणं जिवावर येतं, म्हणून तुम्ही म्हणता, “आत्ता नको, बघू नंतर.” फोन ठेवता. तुमच्या दृष्टीने विषय तिथे संपलेला असतो.

माझ्या दृष्टीने तो तिथेच सुरू व्हायचा. शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मी असे फोन करण्याची नोकरी केली. बोलणं संपलं की माझ्यासमोरच्या पडद्यावर पर्यायांची एक यादी यायची. ‘उचलला नाही’, ‘व्यस्त’, ‘चुकीचा नंबर’, ‘रस आहे’, ‘पुन्हा फोन करा’, ‘नको’. त्यातला एक निवडल्याशिवाय पुढचा फोन लागायचा नाही. तुमच्या “बघू नंतर”ची नोंद व्हायची ‘पुन्हा फोन करा’. “मीटिंगमध्ये आहे” म्हणालात तरी तीच. “घरी विचारून सांगते” हे तर आम्हाला जवळजवळ होकारासारखं वाटायचं. आणि कुणी चिडून, शिव्या देऊन फोन आपटला, तर त्याची नोंद व्हायची ‘संपर्क तुटला’. तुटलेला संपर्क काही तासांनी पुन्हा जोडायचा असा नियम होता.

आपल्या भाषेत नकार सभ्यपणे देण्याच्या कितीतरी तऱ्हा आहेत. ‘बघू’, ‘कळवते’, ‘सध्या राहू दे’, ‘विचार करून सांगतो’. ऐकणाऱ्या माणसाला त्यातला अर्थ बरोबर कळतो. मलाही कळायचा. पण पडद्यावर त्या अर्थासाठी जागा नव्हती.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. ‘नको’ दोन प्रकारचं असतं. ‘ही योजना नको’ हे एक आणि ‘मला फोनच करू नका’ हे दुसरं. पहिल्या नकाराने फक्त त्या महिन्यातली ती मोहीम तुमच्यापुरती थांबते. पुढच्या महिन्यात नवी योजना येते, यादी मात्र जुनीच असते आणि तुमचा नंबर पुन्हा कुणाच्यातरी पडद्यावर येतो. दुसरा नकार वेगळ्या यादीत जातो. त्या यादीतल्या नंबरांना त्या कंपनीने फोन करायचाच नसतो. पण तुम्ही ते स्पष्ट शब्दांत म्हणाल तरच तुमचा नंबर त्या यादीत जातो.

एका दुपारी मी एका घरी फोन लावला. पडद्यावर एका गृहस्थांचं नाव होतं. एका बाईंनी फोन उचलला. मी त्या गृहस्थांची चौकशी केली, तर त्या म्हणाल्या, “ते नाहीत.” मी सवयीने पुढे विचारलं, “कधी भेटतील?” पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, “ते गेले, ताई. महिना झाला.”

माफी मागून मी फोन ठेवला आणि पडद्याकडे बघत बसले. या उत्तरासाठी पर्याय नव्हता. मी ‘चुकीचा नंबर’ निवडला. म्हटलं, निदान यादीतून निघेल. तीन आठवड्यांनी शेजारच्या टेबलावरची माझी मैत्रीण फोनवर त्याच गृहस्थांचं नाव घेताना मी ऐकलं. तिची यादी वेगळी होती. मी आमच्या वरिष्ठांकडे गेले. ते चांगले होते, मनाने वाईट नव्हते. ते म्हणाले, “याद्या वरून येतात, आपल्या हातात नाही. आणि ग्राहक स्वतः फोन करू नका असं म्हणाला नसेल, तर आपण नंबर बंद करायचा नाही.” नवरा गेलेल्या बाईला त्या क्षणी ते नेमकं वाक्य कुठून सुचावं?

म्हणून आज मी तुमच्याशी बोलते आहे.

हा नंबर मुळात कुठून येतो? तो चोरूनच मिळवलेला असतो असं नाही. बरेचदा तो आपणच दिलेला असतो. कुठेतरी वस्तू घेतली, हमीपत्र भरलं, बक्षिसाच्या सोडतीची चिठ्ठी टाकली, एखादं ॲप उतरवलं. फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते, ‘आमच्या व आमच्या सहयोगी संस्थांच्या योजनांची माहिती मिळण्यास माझी संमती आहे.’ त्यातला ‘सहयोगी’ हा शब्द नीट वाचा. तो किती दूरवर पोचतो हे त्या ओळीत कधीच लिहिलेलं नसतं. आमच्या याद्या ज्या ‘वरून’ यायच्या, ते ‘वर’ अशाच एका शब्दात असायचं.

माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी, हे तत्त्व काही नवं नाही. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने म्हणजे ओईसीडीने १९८० मध्येच खासगीपणाविषयीच्या आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत ते मांडलं होतं. दुरुस्तीसाठी दिलेला नंबर दुरुस्तीपुरता. त्यावर उद्या विम्याचा फोन आला, तर “हा नंबर तुम्हाला कोणी दिला?” असं विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. हा प्रश्न विचारायला कचरू नका.

युरोपचा माहिती संरक्षणाचा कायदा, ज्याला जीडीपीआर म्हणतात, तो २५ मे २०१८ पासून लागू झाला. त्यातल्या दोन गोष्टी मला मनापासून पटतात. पहिली अशी की तुमची माहिती जाहिरातीसाठी वापरायला तुम्ही केव्हाही हरकत घेऊ शकता, आणि हरकत घेतली की त्या कामासाठी तिचा वापर थांबवावाच लागतो. कारण सांगायची गरज नाही. दुसरी अशी की संमती देणं जितकं सोपं होतं, ती मागे घेणंही तितकंच सोपं असलं पाहिजे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही हे दुसरं तत्त्व आलं आहे. एका टिचकीने संमती घ्यायची आणि ती काढून घ्यायला मात्र अर्ज, सही आणि आठवडाभराची वाट, हा व्यवहार मुळातच अन्यायाचा आहे. आणि आधीच खूण करून ठेवलेल्या चौकटीचं काय? तुम्ही ती पुसली नाही म्हणजे संमती दिली, असा अर्थ कंपन्या लावत. ऑक्टोबर २०१९ मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने प्लॅनेट ४९ नावाच्या कंपनीच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं की अशी चौकट म्हणजे संमती नव्हे. ही कंपनी इंटरनेटवर सोडत चालवत होती.

आता नोंदणीच्या याद्यांविषयी. प्रत्येक कंपनीला वेगवेगळं ‘नको’ सांगणं एकट्या माणसाला झेपणारं नाही, हे ध्यानात आल्यावर अनेक देशांनी जाहिरातीचे फोन नको असलेल्या नंबरांची एकच सामाईक यादी केली. ब्रिटनमध्ये ती १९९९ पासून कायद्याने बंधनकारक आहे. अमेरिकेची २००३ मध्ये सुरू झाली, ऑस्ट्रेलिया आणि भारताची २००७ मध्ये, कॅनडाची २००८ मध्ये. भारतात १९०९ या क्रमांकावर फोन किंवा संदेश करून नोंदणी करता येते, तक्रारही तिथेच करता येते. सगळ्या याद्यांचं काम साधारण एकाच पद्धतीने चालतं. फोन करण्याआधी कंपनीने आपली यादी या सामाईक यादीशी ताडून पाहायची आणि तुमचा नंबर सापडला तर वगळायचा. अमेरिकेत दर ३१ दिवसांनी तरी हे ताडून पाहावं लागतं. म्हणून आज नोंदणी केली आणि उद्या फोन आला तर निराश होऊ नका. ब्रिटनमध्ये नोंदणीचा पूर्ण परिणाम दिसायला २८ दिवस लागू शकतात.

पण या यादीला भोकं आहेत, तीही सांगते. ज्या कंपनीशी तुमचा आधीपासून व्यवहार आहे, तिला बऱ्याच ठिकाणी सूट मिळते. अमेरिकेत शेवटच्या खरेदीनंतर १८ महिने ही सूट चालते. राजकीय प्रचार, देणग्या, मतचाचण्या यांनाही तिथे हा नियम लागू नाही. पण जुन्या व्यवहाराची ही सूट तुम्ही स्वतः काढून घेऊ शकता. त्या कंपनीला थेट ‘फोन करू नका’ असं सांगितलंत की ती संपते. म्हणूनच मघाचं ते दुसरं ‘नको’ इतकं मोलाचं आहे.

एक प्रश्न मला खूप जण विचारतात. फोन उचलल्यावर पलीकडे कुणीच का नसतं? घरी एकट्या राहणाऱ्या माणसांना याची फार भीती वाटते. बरेचदा त्यामागे यंत्र असतं. किती लोक फोन उचलतील याचा अंदाज बांधून संगणक एकाच वेळी हाताखालच्या माणसांपेक्षा जास्त नंबर लावतो. अंदाज चुकला, उचलणारे जास्त निघाले, तर बोलायला कुणीच मोकळं नसतं. तुम्ही ‘हॅलो, हॅलो’ करत राहता. माणसांचा वेळ वाचावा म्हणून केलेल्या या सोयीची किंमत तुम्ही भरता. अमेरिकेच्या नियमांनी अशा कॉलचं प्रमाण उचललेल्या फोनांच्या ३ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलं आहे.

संदेशांचं थोडं वेगळं असतं. पैसे जमा झाले, पासवर्ड आला, वस्तू निघाली, हे संदेश तुम्हाला हवेच असतात, आणि जाहिरात बंद केली म्हणून ते बंद होत नाहीत. या भीतीपोटी कित्येक जण नोंदणीच करत नाहीत. त्यांनी खुशाल करावी. भारतात तर आता पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी पी हे इंग्रजी अक्षर असेल तर संदेश जाहिरातीचा, एस किंवा टी असेल तर सेवेचा किंवा व्यवहाराचा, आणि जी असेल तर सरकारी, अशी खूण असते.

फसवणाऱ्यांबद्दल मात्र सावध राहा. ते कुठलीच यादी पाहत नाहीत. ‘यादीतून नाव काढण्यासाठी ९ दाबा’ असं अनोळखी ध्वनिमुद्रित आवाजाने सांगितलं, तर दाबू नका. त्यामुळे या नंबरावर माणूस आहे आणि तो ऐकतो, एवढं त्यांना कळतं. संदेशातल्या अनोळखी दुव्याचंही तेच. ओळखीच्या, खऱ्या कंपनीच्या ईमेलमधलं ‘सदस्यत्व रद्द करा’ मात्र जरूर वापरा. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्यानुसार व्यापारी ईमेल पाठवणाऱ्याने कामकाजाच्या १० दिवसांत ते मान्य करायचं असतं.

आणि फोन करणाऱ्या मुलीवर ओरडू नका, ही माझी विनंती. ती यादी तिने बनवलेली नसते. ओरडण्याने तिचा दिवस खराब होतो, नोंद मात्र ‘संपर्क तुटला’ अशीच होते. तिला शांतपणे, तिच्या पडद्याला कळेल असं वाक्य द्या. कागद-पेन्सिल हाताशी असेल तर लिहून घ्या. “मला तुमच्या कंपनीकडून कोणत्याही जाहिरातीचे फोन किंवा संदेश नकोत. माझा नंबर फोन न करण्याच्या यादीत टाका. तुमचं आणि कंपनीचं नाव सांगा.” मग तारीख आणि वेळ टिपून ठेवा. पुन्हा फोन आला तर तक्रारीत तोच कागद कामी येतो.

घरातलं माणूस गेलं असेल आणि त्यांच्या फोनवर असे फोन येत असतील, तर त्यासाठीही एक वाक्य आहे. “हा नंबर ज्यांचा होता ते वारले आहेत. त्यांचं नाव आणि नंबर तुमच्या सगळ्या याद्यांतून काढा आणि इथे पुन्हा फोन करू नका.” त्या दुपारी फोन ठेवण्याआधी मी त्या बाईंना एवढंच सांगायला हवं होतं, की ताई, हे एवढं वाक्य तुम्ही बोला, मी लगेच नोंद करते.

नमस्कार.