माशांच्या वहीत तात्यांची हजेरी

नमस्कार श्रोतेहो. कसं काय, जेवणं झाली का? आजचा विषय शेततळ्यातली मासेशेती, आणि त्यातही प्रश्न एकच, परवडतंय का? कारण जतला जावा, कवठेमहांकाळला जावा, आटपाडीला जावा, नाहीतर वरती माण-खटावात जावा, कोणतरी चहा पिता पिता विचारतंच, की तळं तर बांधलंय, पाणी पण हाय, मग मासं टाकू का त्यात? टाका की. पण वही घालून, म्हणजे खर्चाचा हिशोब लिहून टाका, एवढंच मला आज सांगायचंय, आणि ते सांगायला एक गोष्ट सांगावी लागणार आहे, ती जरा लांबली तर सांभाळून घ्या.

माशांचं थोडक्यात सांगून टाकतो, बरंच तुम्हाला माहिती असणार. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, आणि मृगळ तळाला, म्हणून तिघं एका तळ्यात नांदतात. गुंठ्याला 50 ते 100 बोटुकली, म्हणजे माशाची पिल्लं, सोडायची, त्यापेक्षा जास्त दाटी केली की हवा मारायची मशीन लागते. पावसाळ्यात सोडली की उन्हाळ्यात पाऊण-एक किलोची होतात. आपल्या तळ्याला प्लॅस्टिकचा कागद असतो, त्यामुळं तळाला माती नाही, मातीतनं जे नैसर्गिक खाद्य तयार होतं ते कमी, म्हणजे खाद्य विकतचं जास्त लागणार. हे लक्षात ठेवा, कागदाच्या तळ्यात खाद्य विकतचं जास्त.

आणि आता तळ्याचा विषय निघालाच आहे तर बोलतो, शेततळं हे पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायला आहे, बोअरचं पाणी उपसून उन्हात वाळत घालायला नाही. जमिनीखाली हजार फुटावर गार बसलेलं पाणी वर काढायचं आणि त्याची वाफ करायची, याला बागायत म्हणतात का? असो, तो विषय वेगळा आहे, त्याच्यावर परत कधीतरी.

तर गोष्ट. आमच्या पाहुण्यांपैकी एक घर आहे जत तालुक्यात. द्राक्षाची बाग, थोडी ढबू मिरची, आणि दहा गुंठ्यांचं कागदाचं तळं, म्हैसाळ उपसा योजनेचं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी आली की भरून घेतात. घरात तात्या, त्यांचा मुलगा, सून. तात्या माळकरी. आषाढी चुकली नाही कधी, घरात कांदा सुद्धा एकादशीला शिजत नाही. आणि पोरानं एक दिवस मोबाईलवर व्हिडिओ बघितला, एक एकरात किती लाख वगैरे, आणि गेला, 1000 बोटुकली घेऊन आला, तात्यांना न विचारता तळ्यात सोडली.

तात्यांना कळलं तेव्हा जे काय झालं ते सगळं रेडिओवर सांगता येणार नाही. एक वाक्य सांगतो. म्हणाले, "आरं ज्या पाण्यावर बाग जगवायची, त्या पाण्यात कत्तलखाना काढायलायस व्हय रं?" आणि आठ-दहा दिवस तळ्याकडं फिरकले नाहीत.

आता घरात कायम पहाटे उठणारा माणूस एकच, काकड्याला उठायची सवय. पोरगा आठच्या आत डोळं उघडत नाही. पहिले चार दिवस पोरानं खाद्य टाकलं, मग दुपारी टाकायला लागला, मग एक दिवस आड. आणि तात्यांचं असं, की मासं खायचं पाप, पण दावणीचं जनावर उपाशी ठेवायचं त्याहून मोठं पाप. गेले आपले गुपचूप, पेंड आणि कोंडा भिजवून. दुसऱ्या दिवशी परत गेले. आणि मग रोजचंच झालं ते, सकाळ-संध्याकाळ. महिन्याभरात अशी गत, की तात्यांच्या चपलेचा आवाज आला की कटल्याची काळी पाठ कडेला गोळा व्हायची. पाणकावळे उतरायला लागले तर तात्यांनीच द्राक्षाची जुनी पक्षीजाळी माळ्यावरनं काढली आणि जिथं पुरली तिथं ताणून बांधली. विचारलं की म्हणायचे, "मी काय मासं पाळत न्हाय, मी पाणी राखतोय."

मग आला मार्च. बागेत माल तयार, आणि आभाळ भरून आलं, चार दिवस ऊन नाही. द्राक्षवाल्याला मार्चमधलं आभाळ म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको, सगळं घर बागेत, मणी फुटतात काय या काळजीत. तळं कुणाच्या डोक्यात नाही. आणि पोरानं, मासं लवकर मोठं व्हावं म्हणून, त्याच आठवड्यात खाद्य वाढवलेलं.

आता हे नीट ऐका, कारण इथंच बहुतेकांचं तळं बसतं. पाणी हिरवं असतं ते शेवाळामुळं. ते शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन तयार करतं, पण रात्री स्वतःच ऑक्सिजन खातं. म्हणून पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यात कमी कधी, तर पहाटे. परत सांगतो, पहाटे सगळ्यात कमी. आभाळ असलं की दिवसा तयारच कमी झालेला, त्यात उरलेलं खाद्य तळाला कुजत असलं तर ते पण ऑक्सिजन ओढतं. लिटरला 5 मिलिग्रॅम असला की मासा मजेत, 3 च्या खाली गेला की वर येऊन आ करायला लागतो.

तात्या पहाटे गेले तर चपलेचा आवाज करायच्या आधीच सगळी तोंडं वर. अख्खं तळं आ वासून. तात्यांनी हाक मारली ती अर्ध्या गावानं ऐकली म्हणतात. पोरगा पळत आला, शेतीची लाईट त्या आठवड्यात दिवसपाळीची, मोटर चालायची नाही. पोरगा हुशार, म्हणाला ट्रॅक्टरला फवारणीचा एचटीपी पंप जोडतो आणि तळ्यातलंच पाणी गननं उडवतो. ट्रॅक्टर चालू केला, पाईप ओढत आणला, आणि सून आडवी आली. म्हणाली, "काल ढबूला औषध मारलंय त्याच पाईपनं. मासं वाचवायचंत का मारायचंत?" तिथं जर तिनं अडवलं नसतं तर मासं औषधानंच मेलं असतं, कारण कीटकनाशक माशाला अगदी थोडं सुद्धा पुरतं.

मग? शेडच्या मागं तात्यांचं जुनं डिझेल इंजिन पडलेलं. पोरानं दिवाळीपासून धोशा लावलेला, भंगारात घालूया, जागा अडलीय. तात्यांनी त्याच्यावरचं पोतं काढलं, डिझेल घातलं, पोराला हँडल मारायला लावलं, दोनदा उलटं फिरलं, तिसऱ्यांदा धरलं. तळ्यातलं पाणी ओढून तळ्यातच टाकायचं, पण नुसतं टाकून भागत नाही, पाणी फुटलं पाहिजे, म्हणून तात्यांनी कडेला एक पत्रा तिरका धरला, धार त्याच्यावर, आणि पाण्याचा फवारा होऊन खाली. धार पडायची तिथं मासं गोळा व्हायला लागलं. उजाडून ऊन यायला नऊ वाजले, तोवर तात्या पत्रा धरून उभे, धोतर भिजलेलं, काकडा बुडालेला, आणि तोंडानं हरिपाठ चालू. गेले थोडेच, मोठे कटले गेले, कारण मोठ्याला हवा जास्त लागते.

(एक मधेच सांगतो, कागदाच्या तळ्यात कुणीही उतरायचं नाही, पाय ठरत नाही, पोहणारा माणूस पण वर येत नाही. चारी बाजूला गाठी मारलेला दोर सोडून ठेवा, टायरची ट्यूब बांधा. गाठीचा दोर आणि ट्यूब. मासं गेलं तर बोटुकली परत मिळतात.)

पुढं एप्रिलमध्ये मासे काढायचे ठरले. व्यापारी जाळं आणि बर्फ घेऊन येणार त्या दिवशी तात्या चैत्री वारीला निघून गेले. जन्मभर आषाढी केलेला माणूस, चैत्रीला कधी गेला नव्हता. कुणी काही बोललं नाही.

आता वही. वही घातली सुनेनं, कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेत. बोटुकली 4,000. खाद्य, म्हणजे कारखान्याचं तरंगतं आणि घरची पेंड-कोंडा धरून, 19,000. चुना, दोर, जाळ्याचं भाडं 5,000. डिझेल आणि इंजिनाची डागडुजी 2,000. झाले 30,000. मासा भरला 420 किलो, तळ्यावरचा दर 110, आले 46,200. पोरगा म्हणाला 16,200 नफा, बघा म्हणालो नव्हतो का. सून म्हणाली थांबा. आणि तिनं खाली लिहिलं, "मामांची हजेरी", म्हणजे सासऱ्यांची, आपल्या तात्यांची मजुरी. दोन वेळचं मिळून दिवसाला 50 रुपयेच धरले, 50 म्हणजे काय हो, खुरपायला येणारी बाई तेवढ्यात घरातनं निघत नाही. नऊ महिने, 270 दिवस, 13,500. उरले 2,700.

पोरगा म्हणाला, घरच्या माणसाचा कसला पगार? ती म्हणाली, "मामा वारीला गेल्यावर खाद्य कोण टाकणार, तुम्ही? तुम्हाला उठवायलाच दोन हाका लागतात, त्याची पण हजेरी लावू का?"

श्रोतेहो, ही 2,700 ची वही मला लाखाच्या व्हिडिओपेक्षा खरी वाटते. तळ्याचा, कागदाचा खर्च तिनं धरला नाही आणि बरोबर केलं, कारण ते बागेसाठी बांधलेलंच होतं. माशाचं पाणी बागेला गेलं, खत वाचलं म्हणतात, ते पण तिनं धरलं नाही, म्हणाली युरियाचं पोतं कमी आलं तर लिहीन. उलट ठिबकचा सँड फिल्टर जास्त वेळा धुवावा लागला, ते लिहिलं. आणि पुढच्या वर्षी काय केलं? बोटुकली कमी आणली पण बोटभर मोठी आणली, म्हणजे पाणकावळ्याच्या तोंडी कमी गेली, आणि खाद्याची पोती छिद्रं पाडून बांबूला टांगली, मासा येतो, तोंड मारतो, लागेल तेवढं खातो. तात्यांचा वेळ निम्म्यावर आला, पैसे तेवढेच राहिले. सुधारणा म्हणतात ती अशी असते, मशीनच पाहिजे असं नाही.

आता बायोफ्लॉक. टाकीत दाटीनं मासे, चोवीस तास हवा, गूळ घालून जिवाणू वाढवायचे, ते घाण खातात आणि मासा त्यांना खातो. पाणी अगदी कमी लागतं, हे खरंय, दुष्काळी भागाला ते ओढ लावणारच. पण खर्च बघा. पंतप्रधान मत्स्य संपदा योजना 2020 ला आली, त्यात सात टाक्यांचं युनिट साडेसात लाखांचं धरलंय, अनुदान सर्वसाधारण गटाला 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के. म्हणजे 40 टक्केवाल्याचे साडेचार लाख स्वतःचे. आणि तिथं लाईट गेली तर तात्यांसारखं पत्रा धरून भागत नाही, तास-दोन तासात टाकी संपते. म्हणजे जनरेटर आला, रात्रीचा माणूस आला. त्या माणसाची हजेरी वहीत आहे का, एवढं विचारा. अनुदान मिळतंय म्हणून धंदा करणं हे मला तरी पटत नाही, फुकट मिळाली म्हणून कुणी दुसऱ्याच्या मापाची चप्पल घालत नाही.

2025 साली राज्यानं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिलाय, किसान क्रेडिट कार्ड माशाला पण मिळतं, बँकेत जाऊन विचारा. थाई मांगूर कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, त्याच्यावर देशात बंदी आहे. तिलापियाला परवाना लागतो.

राहिला बाजार. आपल्याकडं मटणापुढं माशाला कोण विचारतंय, त्यात सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार गिऱ्हाईक नाही, म्हणजे बुधवार, शुक्रवार, रविवार एवढेच वार. जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असते तेव्हा तळ्याच्या माशाला दर येतो, पण द्राक्षवाल्याचं तळं उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर मे मध्येच आटत आलेलं असतं, आणि नंतर लगेच श्रावण. म्हणून बोटुकली आणायच्या आधी व्यापाऱ्याला गाठा, कुठल्या महिन्यात येणार, जाळं कुणाचं, बर्फ कुणाचा, वजनकाटा कुणाचा, आणि जाळ्याच्या शिशानं कागद फाटला तर भरून कोण देणार, हे तोंडावर बोलून घ्या. आणि बोटुकलीची पिशवी आणली की लगेच फोडू नका, पंधरा-वीस मिनिटं तळ्यात तशीच तरंगू द्या, मग तोंड उघडून थोडं थोडं तळ्याचं पाणी आत घ्या, आणि ती आपली आपण बाहेर पडू द्या. नमस्कार.